प्रश्न विचारण्यापूर्वी

(वाशीम जिल्ह्यातील संशोधक विद्यार्थी आणि मार्गदर्शक प्राध्यापक यांच्यासमोर झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



वाशीम जिल्हा ज्या विद्यापीठाच्या कक्षेत येतो, त्या विद्यापीठाला संत गाडगेबाबांचे नाव आहे. बाबांची गावात शिरण्याची रीत वऱ्हाडातील जुन्या पिढीने डोळ्यांनी पाहिलेली होती. हाती खराटा घेऊन ते आधी गाव झाडीत आणि रात्री कीर्तनाला उभे राहत. त्यांचे कीर्तन म्हणजे प्रश्नोत्तरांची मालिकाच असे. बाबांनी विचारावे आणि समोरच्या हजारोंनी एका सुरात उत्तर द्यावे. कर्ज, दारू, बळी देण्याची चाल, शिवाशीव हे सारे विषय नाजूक होते. घराघरांतील दुखण्यावर बोट ठेवणारे ते प्रश्न होते. तरीही लोक ऐकून घेत, उत्तर देत आणि अंतर्मुख होऊन घरी जात. प्रश्न विचारण्याचा अधिकार बाबांनी दिवसभर गाव झाडून मिळविलेला असे, हे त्याचे कारण होय.

आज त्यांच्याच नावाच्या विद्यापीठाचे विद्यार्थी हाती प्रश्नावली घेऊन त्याच गावांत शिरतात. कोणाचा विषय कुपोषण, कोणाचा शेतकरी आत्महत्या, कोणाचा शालागळती, तर कोणाचा तांड्यावरील स्त्रियांचे आरोग्य. प्रश्न तितकेच नाजूक असतात. परंतु ते विचारण्याचा अधिकार या विद्यार्थ्याला कोणी दिला? विद्यापीठाने विषय मंजूर केला म्हणजे तो मिळाला काय? मार्गदर्शकाने सही केली म्हणजे मिळाला काय? माणसांवर होणाऱ्या विद्यार्थी-संशोधनाला आगाऊ नैतिक मान्यता का हवी, या प्रश्नाचे उत्तर येथूनच शोधावे लागते.

दारात उभा असलेला विद्यार्थी

१ जुलै १९९८ रोजी अकोला जिल्ह्यातून वाशीम जिल्हा वेगळा झाला. वाशीम, मालेगाव, रिसोड, मंगरुळपीर, कारंजा आणि मानोरा असे सहा तालुके. २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या ११ लाख ९७ हजार. बरोबर आठ वर्षांनी, १ जुलै २००६ रोजी, विदर्भातील सहा आत्महत्याग्रस्त जिल्ह्यांसाठी पंतप्रधानांनी ३,७५० कोटी रुपयांचे साहाय्य घोषित केले, त्या सहांत वाशीमचे नाव होते. त्याआधी २००५ मध्ये टाटा समाजविज्ञान संस्थेने शेतकरी आत्महत्यांच्या कारणांविषयीचा अहवाल मुंबई उच्च न्यायालयापुढे ठेवला होता आणि २००६ मध्ये इंदिरा गांधी विकास संशोधन संस्थेचा अहवाल आला. पुढे २०१८ मध्ये नीती आयोगाच्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीतही वाशीम आला. ज्या जिल्ह्याच्या वाट्याला अशी विशेषणे येतात, त्याच्या वाट्याला अभ्यासकही येतात. मोठ्या संस्थांच्या पावलांवर पाऊल टाकून एम.ए., एम.एस.डब्ल्यू. आणि पीएच.डी.चे विद्यार्थीही त्याच उंबरठ्यांवर पोहोचतात.

असा एक उंबरठा डोळ्यांसमोर आणावा. सोयाबीनच्या सोंगणीचे दिवस आहेत. घरधनी जाऊन दोन वर्षे झाली आहेत. घरातील बाई मजुरीवरून नुकतीच परतली आहे. दारात पाठीला पिशवी लावलेला एक तरुण उभा राहतो, 'काकू, थोडी माहिती पाहिजे होती' असे म्हणतो आणि प्रश्न सुरू होतात. शेती किती? कर्ज कोणाचे? बँकेचे की सावकाराचे? घरधनी दारू घेत होते काय? त्या दिवशी घरात भांडण झाले होते काय? सर्वप्रथम कोणी पाहिले?

तरुण सद्भावी आहे, अभ्यासू आहे. पण त्या बाईच्या मनात काय चालले आहे, याचा विचार करावा. शासनाचे एक लाख रुपयांचे सानुग्रह साहाय्य मिळण्यासाठी तिच्या नवऱ्याचा मृत्यू कागदोपत्री 'पात्र' ठरावा लागतो. तलाठ्यापासून तहसीलपर्यंत अनेकांनी अनेकदा विचारपूस केलेली असते. आता आलेला हा तरुणही त्यांच्यापैकीच एक असेल, आपण बोललो नाही तर प्रकरण फेटाळले जाईल, नीट बोललो तर मुलीच्या शिक्षणाचे काही होईल, असे तिला वाटले तर नवल नाही. ती उत्तर देते. तरुणाच्या वहीत 'उत्तरदात्याने सहकार्य केले' अशी नोंद होते. वास्तविक ते सहकार्य नसते. ते भय असते किंवा आशा असते. आणि दोन्हींचा पाया गैरसमज हा असतो.

तरुण निघून जातो. त्या रात्री ती बाई जेवते की नाही, हे कोणत्याही प्रबंधात नोंदले जात नाही.

सुई नाही म्हणून इजा नाही?

'आमचे संशोधन वैद्यकीय नाही, साधे सर्वेक्षण आहे, त्यात औषध नाही आणि सुई नाही. मग नैतिक मान्यतेचा प्रश्न येतोच कुठे?' असा आक्षेप नेहमी घेतला जातो. वरील उंबरठ्यावर त्याचे उत्तर आहे. शब्दांनीही जखम उघडी पडते. कधी ती मनाची असते, कधी अब्रूची, कधी पोटाची. एखाद्या मजुराने ठेकेदाराविषयी दिलेली माहिती ठेकेदाराच्या कानी गेली तर त्याचे काम जाते. एखाद्या सुनेने सासरविषयी सांगितलेले शेजघरातून ऐकले गेले तर तिचे माहेरचे दोर तुटतात. एखाद्या मुलाच्या आजाराचे नाव शाळेत फुटले तर त्याचे बाक वेगळे होते.

या विचाराची मुळे बाहेरून आलेली आहेत, असे मानण्याचेही कारण नाही. सुश्रुतसंहितेच्या चिकित्सास्थानात मूतखड्याच्या शस्त्रक्रियेविषयी सांगताना एक दंडक घालून दिला आहे. शस्त्रक्रिया न केल्यास मृत्यू निश्चित आणि केल्यास यश संशयित, अशा स्थितीत सज्जन वैद्याने अधिपतीची अनुज्ञा घेऊनच शस्त्राला हात घालावा. आपल्या ज्ञानाविषयी कितीही विश्वास असला तरी धोक्याचा निर्णय एकट्याने घ्यायचा नाही, हे तत्त्व त्यात आहे. त्यात अनुज्ञा अधिपतीची आहे. ज्याच्या देहावर शस्त्र चालायचे त्याची स्वतःची संमती अनिवार्य मानणे, ही आधुनिक काळाने घातलेली मोलाची भर होय. १९४७ च्या न्यूरेंबर्ग संहितेने ती भर घातली, कारण नाझी छळछावण्यांत पदवीधर डॉक्टरांनी बंदिवानांवर केलेले प्रयोग जगासमोर आले होते. १९६४ मध्ये हेलसिंकी घोषणापत्र आले. अमेरिकेत टस्कीगी येथे उपदंशाच्या शेकडो कृष्णवर्णीय रुग्णांना, पेनिसिलिन उपलब्ध झाल्यावरही, उपचाराविना केवळ न्याहाळत ठेवले गेले. १९३२ ते १९७२ अशी ४० वर्षे हा अभ्यास चालला आणि वृत्तपत्रांनी वाच्यता केल्यावर थांबला. तेथील संशोधक अडाणी नव्हते. त्यांना 'हे थांबवा' म्हणणारे बाहेरचे कोणी वेळीच उभे नव्हते, आणि ज्यांनी शंका घेतली त्यांचे कोणी ऐकले नाही.

संमती कोणाची आणि सही कोणाची

आपल्या देशातील एक उदाहरण विद्यार्थ्यांनी विशेष लक्षात ठेवावे, कारण त्यात विद्यार्थिनीच सहभागी होत्या. २००९-१० मध्ये आंध्र प्रदेशातील खम्मम आणि गुजरातमधील वडोदरा जिल्ह्यांत गर्भाशयमुखाच्या कर्करोगास प्रतिबंध करणाऱ्या लसीचा प्रायोगिक प्रकल्प राबविला गेला. काही मुलींचे मृत्यू झाल्यानंतर एप्रिल २०१० मध्ये तो स्थगित झाला. मृत्यूंचा लसीशी संबंध चौकशीत आढळला नाही, आणि लस उपयुक्त आहे याविषयी वैद्यकशास्त्रात दुमत नाही. परंतु संमतीपत्रे तपासली गेली तेव्हा वेगळेच चित्र दिसले. आंध्रमधील ९,५४३ पत्रांपैकी १,९४८ पत्रांवर अंगठे होते, तर २,७६३ पत्रांवर वसतिगृहाच्या अधीक्षकांच्या सह्या होत्या. २०१३ मध्ये संसदेच्या स्थायी समितीने आपल्या ७२ व्या अहवालात या व्यवहारावर कठोर ताशेरे ओढले. उपयुक्त लसीविषयी समाजात अविश्वास पसरला, तो या सह्यांमुळे. संशोधनाची नैतिक बाजू ढिली ठेवली की संशोधनाचेच नुकसान होते, याहून स्पष्ट पुरावा कोणता हवा?

आता हा आरसा वाशीमकडे वळवावा. बी.एड.चा विद्यार्थी आपल्याच वर्गावर कृतिसंशोधन करतो. 'ज्यांना भाग घ्यायचा नाही त्यांनी हात वर करा' असे गुरुजींनी म्हटल्यावर कोणता मुलगा हात वर करील? आश्रमशाळेत किंवा वसतिगृहात मुलींच्या रक्तातील हिमोग्लोबिन तपासायचे असेल, तर मुख्याध्यापकाचे पत्र मिळाले की काम झाले असे समजले जाते. ते पत्र आवारात शिरण्याची परवानगी होय. मुलीच्या बोटाला सुई टोचण्याची ती परवानगी नव्हे. तिच्यासाठी आईवडिलांची संमती हवी आणि तिची स्वतःची अनुमतीही हवी. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या (आयसीएमआर) २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार ७ ते १२ वर्षांच्या मुलाची तोंडी अनुमती नोंदवावी लागते आणि १२ ते १८ वर्षांच्या मुलाची लेखी घ्यावी लागते. आठवीतील मुलगी 'नको' म्हणाली तर ते 'नको' मुख्याध्यापकाच्या शिक्क्यापेक्षा मोठे ठरते.

तांड्यावरही हेच. मानोरा तालुक्यातील पोहरादेवी हे देशभरातील बंजारा समाजाचे श्रद्धास्थान आहे आणि जिल्ह्यात या समाजाची वस्ती मोठी आहे. तांड्यात काम करायचे तर नाईकाला भेटणे, त्याचा मान राखणे योग्यच आहे. त्या समाजाची ती व्यवस्था आहे आणि अभ्यासकाने तिचा आदर केला पाहिजे. परंतु नाईकाचा होकार म्हणजे तांड्यातील प्रत्येक स्त्रीचा होकार नव्हे. शिवाय जी स्त्री घरात गोरबोली बोलते, तिच्यासमोर प्रमाण मराठीत छापलेले, 'उपरोक्त अभ्यासात स्वेच्छेने सहभागी होण्यास माझी हरकत नाही' असे पत्र ठेवून अंगठा घेणे म्हणजे संमतीचा देखावा होय. तिच्या भाषेत, तिला कळेल अशा शब्दांत सांगितले पाहिजे. वाचता न येणाऱ्या व्यक्तीच्या वेळी संशोधनाशी संबंध नसलेला त्रयस्थ साक्षीदार हजर असला पाहिजे.

खरी संमती फार अवघड नसते. ती चार सरळ वाक्यांत मावते: 'काकू, मी सरकारचा माणूस नाही, कॉलेजात शिकतो. तुम्ही बोललात म्हणून काही मिळणार नाही आणि नाही बोललात म्हणून काही बंद होणार नाही. एखादा प्रश्न नको वाटला तर सोडून द्या, मधेच थांबावेसे वाटले तर थांबू. तुमचे नाव कुठेही येणार नाही.' या वाक्यांनंतर जी बाई 'बस बाबा' म्हणते, तिची संमती खरी. आणि जी 'आज नको' म्हणते, तिचाही मान तितकाच.

नाव गाळले म्हणजे झाले?

'नाव कुठेही येणार नाही' हे वचन देणे सोपे आणि पाळणे कठीण आहे. दोनशे घरांच्या गावात नाव गाळल्याने ओळख लपत नाही. प्रबंधात 'अमुक तालुक्यातील अमुक गाव, वय ३४, दोन मुली, तीन एकर कोरडवाहू, पती अमुक साली गेले' एवढे छापले की गावातील शेंबडे पोरही घर दाखवील. गावाचे नाव, वय, घटनेचे वर्ष यांपैकी काय ठेवायचे आणि काय धूसर करायचे, हे आधीच ठरवावे लागते. मोबाइलमध्ये केलेले ध्वनिमुद्रण कोठे राहणार, किती दिवस राहणार, कोण ऐकणार, हेही आधीच ठरवावे लागते. ते मित्रांच्या व्हॉट्सअप समूहावर गेले तर परत आणता येत नाही. 'भेटीचा पुरावा' म्हणून परिशिष्टात छापलेले छायाचित्र तर वचनभंगाचा छापील दाखलाच होय. आता डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियम, २०२३ अस्तित्वात आहे. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले असून तरतुदी टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. संशोधनासाठी कायद्यात काही सवलत असली तरी ती बेफिकिरीची सनद नव्हे.

कायदा कोठे थांबतो

देशातील व्यवस्था काय आहे, हे थोडक्यात पाहणे उचित ठरेल. आयसीएमआरने १९८० मध्ये मानवी संशोधनाच्या नैतिकतेविषयी पहिले धोरणनिवेदन काढले. २००० मध्ये न्या. एम. एन. वेंकटचलय्या यांच्या अध्यक्षतेखालील समितीच्या परिश्रमांतून विस्तृत मार्गदर्शक तत्त्वे आली, ती २००६ आणि २०१७ मध्ये सुधारली गेली. त्याच २००० साली मुंबईत 'सेहत' या संस्थेच्या पुढाकाराने आरोग्यविषयक सामाजिक संशोधनासाठी स्वतंत्र तत्त्वे तयार झाली, ही महाराष्ट्राच्या दृष्टीने अभिमानाची गोष्ट आहे. २०१९ च्या नवीन औषधे व चिकित्सालयीन चाचणी नियमांनी जैववैद्यकीय व आरोग्य संशोधन पाहणाऱ्या नैतिकता समित्यांची नोंदणी आवश्यक केली. मानसिक आजार असलेल्या व्यक्तींवरील संशोधनासाठी २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा अधिनियमात स्वतंत्र कलम आहे.

वैद्यकीय शिक्षणात ही शिस्त आता बरीच रुळली आहे. आयसीएमआरची एमबीबीएस विद्यार्थ्यांसाठीची अल्पमुदतीची संशोधन योजना १९७९ पासून चालू आहे. तीत दोन महिन्यांच्या छोट्या अभ्यासालाही नैतिकता समितीची मान्यता लागते. ९ ऑक्टोबर २०२४ रोजी उद्घाटन झालेल्या राज्यातील १० शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांत वाशीमचाही समावेश आहे. म्हणजे तेथील भावी डॉक्टर या शिस्तीतच वाढतील.

परंतु समाजकार्य, शिक्षणशास्त्र, गृहविज्ञान, अर्थशास्त्र, मराठी वा ग्रामीण विकास या विषयांचे काय? आयसीएमआरची तत्त्वे सामाजिक व वर्तनशास्त्रीय संशोधनालाही लागू आहेत, पण त्याचा आरोग्याशी संबंध असेल तोवर. त्यापलीकडील संशोधनासाठी तितकी स्पष्ट सक्ती नाही. डिसेंबर २०१९ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने पीएच.डी.पूर्व अभ्यासक्रमात संशोधन व प्रकाशन नीतीचा दोन श्रेयांकांचा विषय घातला, हे चांगले झाले. २०१८ च्या नियमांनी वाङ्मयचौर्यालाही चाप लावला. प्रबंधात दुसऱ्याच्या ग्रंथाशी १० टक्क्यांपर्यंतचे साम्य क्षम्य, त्यापुढे शिक्षा, ६० टक्क्यांहून अधिक असेल तर नोंदणीच रद्द. संगणक क्षणात साम्य मोजून देतो.

या व्यवस्थेतील विसंगती पाहावी. एखाद्या प्राध्यापकाच्या पुस्तकातील परिच्छेद न विचारता घेतला तर यंत्र प्रबंध अडविते. मंगरुळपीर तालुक्यातील एखाद्या विधवेच्या तोंडून तिच्या आयुष्यातील सर्वांत दुःखाचा दिवस न विचारता घेतला तर कोणतेही यंत्र अडवीत नाही. ग्रंथकाराच्या शब्दाला जे संरक्षण आहे, ते निरक्षर बाईच्या शब्दाला नाही. यंत्र जे करू शकत नाही, ते माणसांना करावे लागते. म्हणूनच कायद्याची वाट न पाहता महाविद्यालयांनी आपली नैतिकता समिती उभी केली पाहिजे.

ही निकड वाढत जाणार आहे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार पदवीच्या विद्यार्थ्यालाही क्षेत्रीय प्रकल्प आणि समाजसहभागाचे काम करायचे आहे. पूर्वी गावात पीएच.डी.चा एखादा विद्यार्थी जाई, आता अठरा-एकोणीस वर्षांची मुले-मुली जातील. त्यांच्या हाती गूगल फॉर्म देऊन 'पन्नास भरून आणा' म्हणणे म्हणजे त्यांच्यावरही अन्याय आणि गावावरही.

समिती कशी असावी

समिती म्हणजे आणखी एक टेबल, आणखी एक शिक्का आणि आणखी एक महिना, अशी भीती वाटणे स्वाभाविक आहे. ती अनाठायी ठरावी अशी रचना आयसीएमआरच्या तत्त्वांत दिलेली आहे. सदस्य ७ ते १५. अध्यक्ष संस्थेबाहेरचा, सदस्य-सचिव संस्थेतील. किमान निम्मे सदस्य संस्थेशी संबंध नसलेले. वैद्यकीय जाणकारांबरोबर कायदा जाणणारा, समाजशास्त्र जाणणारा आणि एक सामान्य नागरिक हवाच. स्त्री-पुरुष दोघांचे प्रतिनिधित्व हवे. वाशीममध्ये असे लोक नाहीत काय? जिल्हा न्यायालयातील वकील आहेत, निवृत्त मुख्याध्यापिका आहेत, तांड्यातील शिकलेली सून आहे, गावच्या आशाताई आहेत. किंबहुना ज्या समितीत आशाताईसारखी व्यक्ती बसेल, ती प्रश्नावली पाहताक्षणी सांगेल की हा प्रश्न सासूसमोर विचारू नका. एखाद्या महाविद्यालयाला एकट्याने हे झेपत नसेल तर दोन-चार महाविद्यालयांनी मिळून करावे, किंवा रीतसर करार करून दुसऱ्या संस्थेच्या समितीचे साहाय्य घ्यावे.

प्रत्येक प्रस्तावाला पूर्ण बैठक लागत नाही. जनगणनेसारख्या प्रकाशित आकड्यांवरच काम असेल तर परीक्षणातून सूट मिळू शकते. धोका नाममात्र असेल तर एक-दोन सदस्य शीघ्र परीक्षण करू शकतात. मुले, आजारी, बंदिवान, शोकग्रस्त अशा दुबळ्या स्थितीतील माणसे असतील तेव्हा पूर्ण समितीने बसावे. मात्र एका बाबतीत सवलत नाही: माहिती गोळा केल्यानंतर मागितलेली मान्यता देता येत नाही. लग्न लागल्यावर मुलीची पसंती विचारण्यासारखे ते होईल.

विद्यार्थ्याने सिनॉप्सिसबरोबर काय द्यावे? सहभागी कोण, त्यांची निवड कशी, प्रश्नावली मराठीत आणि गरजेप्रमाणे बोलीत, माहितीपत्रक, संमतीपत्र, संभाव्य इजा आणि तिच्यावरील उपाय, गुप्ततेची व्यवस्था, आणि अभ्यासाचे निष्कर्ष सहभागींना कसे कळविणार. शेवटच्या दोन गोष्टी सर्वाधिक दुर्लक्षित राहतात. मुलाखत देताना एखादी व्यक्ती कोसळली, जगण्याचा कंटाळा बोलून दाखवू लागली, तर विद्यार्थी काय करील? वही मिटून निघून जाईल? २०२२ पासून सुरू असलेल्या टेलिमानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक, प्राथमिक आरोग्य केंद्राचा वैद्यकीय अधिकारी, जिल्हा रुग्णालयातील मानसोपचार कक्ष ही नावे त्याच्या वहीच्या पहिल्या पानावर असली पाहिजेत. आणि अशा बारा-पंधरा कहाण्या ऐकून आलेल्या त्या तरुणाचे मनही सांभाळले पाहिजे. ती मार्गदर्शकाची जबाबदारी होय.

मजुरी बुडवून बसलेल्या बाईची भरपाई करावी काय, असेही विचारले जाते. बुडालेल्या मजुरीची वाजवी भरपाई देणे न्याय्य आहे. पण रक्कम इतकी मोठी नसावी की नकार देण्याची तिची ताकदच संपावी. त्याहून चांगले म्हणजे सोंगणीच्या दिवसांत जाऊच नये.

अडविणे हा हेतू नव्हे

नैतिक मान्यतेचा आग्रह धरला की अवघड विषयांवर संशोधनच थांबेल, असा एक आक्षेप उरतो. विदर्भातीलच एक उदाहरण त्याला उत्तर देते. गडचिरोली जिल्ह्यातील दोन खेड्यांतील ६५० स्त्रियांच्या तपासणीवर आधारलेला डॉ. राणी बंग, डॉ. अभय बंग आणि सहकाऱ्यांचा शोधनिबंध १९८९ मध्ये 'द लॅन्सेट' या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. ९२ टक्के स्त्रियांना एक वा अधिक स्त्रीरोग असल्याचे त्यातून जगासमोर आले. ज्या दुखण्याचा उच्चार घरात होत नव्हता, ते दुखणे आरोग्यधोरणाचा विषय बनले. यापेक्षा नाजूक विषय कोणता असू शकतो? तरीही तो अभ्यास झाला, कारण अभ्यासक त्या लोकांमध्ये राहत होते, त्यांच्यावर उपचार करीत होते. विश्वास आधी उभा राहिला, आकडे नंतर आले. विश्वासाशिवाय मिळालेली माहिती शास्त्रीय दृष्ट्याही कच्चीच असते. भ्यालेली बाई खरे सांगत नाही, आशेवर बसलेली बाई वाढवून सांगते. म्हणजे नैतिक शिस्त सांभाळणारा विद्यार्थी केवळ सज्जन ठरतो असे नाही, त्याचे संशोधनही खरे ठरते.

समितीलाही एक धोका आहे. तिने आपणहून शिक्कामोर्तबाचे यंत्र बनू नये. सर्व प्रस्ताव दहा मिनिटांत मंजूर करणारी समिती नसलेल्या समितीपेक्षा वाईट, कारण ती विवेकाला झोपविते. प्रत्येक प्रस्तावासमोर तिने एकच कसोटी लावावी: ही प्रश्नावली घेऊन कोणी आपल्या आईच्या दारात उभे राहिले, तर चालेल काय?

मित्रहो, पदवी मिळते, प्रबंध ग्रंथालयाच्या कपाटात जातो, त्यावर धूळ बसते. पण ज्या घरात प्रश्न विचारले गेले, त्या घरात ते प्रश्न राहून जातात. गाडगेबाबा गाव सोडून पुढे जात, तेव्हा मागे झाडलेला रस्ता राहत असे. त्यांच्या नावाच्या विद्यापीठाचा विद्यार्थी गाव सोडून परत येईल, तेव्हा मागे किमान ओरखडा राहू नये. त्यासाठी खराटा आधी स्वतःच्या प्रस्तावावर चालला पाहिजे. आणि तो चालल्यावरही दारातील बाई 'नको' म्हणाली, तर नमस्कार करून परत फिरण्याचे धैर्य अंगी असले पाहिजे.